हलवायाच्या घरावर तुळशीपत्र



या अंकाचे संपादकीय कापसाच्या खरेदीवर लिहायचे ठरले होते. ते पुढच्या अंकावर टाकून आज आपल्याच घरातल्या हिशेबाबद्दल लिहितो आहे. हा विषय जिल्ह्याजिल्ह्यांच्या बैठकांत येणारच आहे. तो कुजबुजीतून कानावर पडण्यापेक्षा आपल्या पत्रकातून सर्वांना सारखाच कळलेला बरा.

दोन वर्षांपूर्वी आपल्या संघटनेला एका कंपनीकडून ३ लाख ४० हजार रुपयांची देणगी मिळाली. कंपनीचे कार्यालय मुंबईच्या उपनगरात आणि धंदा लोकांकडून ठेवी घेण्याचा. रक्कम चेकने आली, पावती दिली, हिशेबात धरली. त्यातून पाच गावांसाठी पाच इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आणि कापसातला ओलावा मोजण्याची पाच यंत्रे घेतली. त्याला १ लाख १५ हजार लागले. सभा आणि शिबिरे यांवर ६५ हजार खर्च झाले. १ लाख ६० हजार बँकेत शिल्लक आहेत. आता काही महिन्यांपासून त्या कंपनीने मुदत संपलेल्या ठेवी परत देणे बंद केले आहे. ठेवीदारांनी पोलिसांत तक्रारी दिल्या आहेत आणि तपास चालू आहे. कंपनीचे नाव येथे छापत नाही. गुन्हा शाबीत झालेला नाही, आणि थकबाकीदार म्हणून चावडीवर नाव लागल्याचे दुःख ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दुसऱ्याचे नाव घाईने भिंतीवर लावू नये.

प्रश्न असा की, हे पैसे आपण ठेवावेत काय?

गेल्या महिन्यात कांदिवलीला, चारकोपमध्ये, आपल्या मुंबईकर मंडळींची बैठक झाली. कांदिवली म्हटले की आपल्याला महिंद्राचा ट्रॅक्टर आठवतो, आणि ट्रॅक्टरबरोबर बँकेचा हप्ता. पण तिथे यवतमाळ, परभणी, जालना, बुलढाण्याकडून पोटापाण्यासाठी गेलेली आपली पुष्कळ माणसे राहतात. ही देणगी त्यांच्याच ओळखीने मिळाली होती. त्यांनी ती चांगल्या मनाने मिळवून दिली, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बैठकीत दोन तट पडले. जे बोलले गेले तेच उद्या जिल्ह्यात बोलले जाणार आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा असा की, पैशाला जात नसते आणि वासही नसतो. ओढ्याचे पाणी गंगेला मिळाले की गंगाच होते; आपण त्या पैशातून काटे घेतले, दारू प्यायलो नाही. हे ऐकायला गोड आहे. पण सावकाराने बांधलेले देऊळ आपल्या गावोगाव उभे आहे. त्याच्या पायरीवर सावकाराचे नाव कोरलेले असते. ज्याची जमीन गहाणात बुडाली त्याचे नाव कुठेच नसते. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तेव्हा त्या सावकारांपैकी कोण किती दानशूर आहे हे त्यांनी विचारले नव्हते. दान चांगल्या कामी लागले म्हणून ते कोणाच्या खिशातून आले हा प्रश्न संपत नाही. आपल्या भाषेत याला जुनी म्हण आहे : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. पुण्य एकाचे, घर दुसऱ्याचे.

या म्हणीचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. पुण्याच्या समृद्ध जीवन या कंपनीने शेळ्या आणि गाई पाळण्याच्या योजनेच्या नावाखाली लाखो लोकांकडून पैसे गोळा केले. ज्यांच्या दारात खऱ्या शेळ्या होत्या अशा खेड्यातल्या माणसांनीही कागदावरच्या शेळ्यांत पैसे घातले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सेबीने कंपनीला नवे पैसे घेण्यास मनाई केली. तिचे प्रमुख महेश मोतेवार यांना डिसेंबर २०१५ मध्ये अटक झाली. या मोतेवारांनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीला सुमारे साठ लाख रुपये किमतीचा सोन्याचा हार वाहिला होता. २०२० साली तो हार सीआयडीने तपासात ताब्यात घेतला. खटल्यात ज्याचे त्याचे जे काही व्हायचे ते न्यायालयात होईल. परंतु हार देवाच्या गळ्यात पडल्यावरही ठेवीदाराचा त्यावरचा दावा सुटला नाही, एवढे त्यातून दिसले. देवाला वाहिलेल्या हाराची ही गत, तर संघटनेच्या वजनकाट्याला कोणते कवच आहे?

दुसरा मुद्दा : आम्हांला ठाऊक नव्हते. हा मुद्दा खरा आहे आणि तो खरा आहे म्हणूनच आपण आज गुन्हेगार नाही. पण गुन्हेगार नसणे वेगळे आणि मालक असणे वेगळे. बैलबाजाराचे उदाहरण घ्या. तुम्ही रोख पैसे मोजून, पावती करून बैल आणला. दोन महिन्यांनी पोलीस खऱ्या मालकाला घेऊन दारात आले. बैल चोरीचा निघाला. तुम्ही चोर ठरत नाही, पण बैल जातो. तुम्ही विकणाऱ्याच्या मागे लागायचे. हा तर विकत घेतलेला बैल झाला. मग जो बैल कोणी फुकट आणून बांधला, तो खऱ्या मालकाच्या डोळ्यांदेखत ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ म्हणून दावणीला ठेवता येईल काय?

कायद्याची वाटही याच बाजूने जाते. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ चा जो कायदा केला, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्याच्या आठव्या कलमात हीच गोष्ट आहे. ठेवी फेडायला कंपनीची मालमत्ता पुरत नसेल, तर तिने दुसऱ्याकडे वळवलेल्या मालमत्तेकडे न्यायालय पाहू शकते. आणि तो व्यवहार सद्भावनेने आणि मोबदला घेऊन झाला होता काय, हे विचारू शकते. देणगीला मोबदला नसतोच. तेव्हा नुसत्या सद्भावनेच्या जोरावर आपण सुटू, या भरवशावर कोणी राहू नये. हा कायदा शोभेचा नाही. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये एरंडी, भात, सरकीचे तेल असल्या शेतमालाचे सौदे होत होते. ३१ जुलै २०१३ रोजी व्यवहार बंद पडले आणि कागदावर जेवढा माल होता तेवढा गोदामात नाही हे उघडे पडले. सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. त्या प्रकरणातही हाच कायदा लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे : अजून शाबीत कुठे झाले? उद्या कंपनी निर्दोष सुटली तर आपण उगाच घरचे धान्य उकिरड्यावर टाकले असे होईल. याला उत्तर देताना मला धुऱ्यावरचे झाड आठवते. धुऱ्याचा वाद तहसीलला चालू असेल तर शहाणा माणूस वादातले बाभळीचे झाड तोडून विकत नाही. ते शेजाऱ्याला देऊनही टाकत नाही. निकाल लागेपर्यंत झाड उभे ठेवतो. आपण हेच करावे. पैसे खर्चू नयेत, आणि कंपनीलाही परत देऊ नयेत. लक्षात घ्या, ज्याच्यावर ठेवी बुडवल्याचा आरोप आहे त्याच्याच हातात रक्कम परत देणे म्हणजे चोराला बैल परत नेऊन देण्यासारखे आहे. ‘त्याच्या तोंडावर पैसे फेकले’ असे म्हणताना छाती फुगते, पण ठेवीदाराच्या हाती काहीच लागत नाही.

शाबीत होण्याला किती वर्षे लागतात, तेही पाहावे. अमेरिकेत चार्ल्स कीटिंग नावाचा एक पेढीवाला होता. त्याच्या लिंकन सेव्हिंग्ज या पेढीच्या व्यवहारात वीस हजारांहून अधिक लोकांची पुंजी बुडाली; त्यांत म्हातारी माणसे पुष्कळ होती. या कीटिंगने मदर तेरेसांच्या कार्याला साडेबारा लाख डॉलर दिले होते. सरकारी वकिलांपैकी पॉल टर्ली या गृहस्थाने मदर तेरेसांना पत्र लिहून, हे पैसे ज्यांनी कष्टाने मिळवले त्यांना परत द्यावेत अशी विनंती केली. त्याला उत्तर आले नाही. पुढे १९९६ मध्ये कीटिंगची शिक्षा रद्द झाली. आणि १९९९ मध्ये त्याने स्वतःच फसवणुकीची कबुली दिली. म्हणजे गुन्हेगार, मग शिक्षा रद्द, मग पुन्हा गुन्हेगार, यात कित्येक वर्षे गेली. तेवढ्या काळात म्हातारे ठेवीदार किती उरले असतील? मदर तेरेसांच्या सेवेबद्दल मी बोलत नाही. परंतु न आलेल्या त्या उत्तराचा डाग राहून गेला.

याच्या उलटचेही उदाहरण आहे. एफटीएक्स ही आभासी चलनाची पेढी नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडाली. तिचा मालक सॅम बँकमन-फ्रीड ग्राहकांच्या पैशांवर मोठा दाता म्हणून मिरवत होता. मार्च २०२४ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या देणग्या घेतलेल्या संस्थांपैकी इफेक्टिव्ह व्हेंचर्स या संस्थेने २०२२ मध्ये मिळालेले २ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक परत देण्याचा समझोता केला. एवढी रक्कम परत देणारी संस्था जगात असू शकते, तर आपले ३ लाख ४० हजार काही जगावेगळे नाहीत.

चौथा मुद्दा आपल्या आंदोलनातूनच आलेला आहे, म्हणून तो जास्त बोचतो. एक जुना कार्यकर्ता म्हणाला, “आजवर शहराने खेड्याला लुटले. निर्यातबंदी, लेव्ही, पडलेले भाव. त्यातले चार पैसे परत आले तर बिघडले काय?” त्याचा संताप मला समजतो. पण हे पैसे कोणाचे, ते आधी पाहा. ठेवी गोळा करणारा एजंट मलबार हिलवर जात नाही. तो गावात येतो, कापसाचे चुकारे हाती पडतात त्या आठवड्यात. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. त्या भावाने वीस हजारांची ठेव म्हणजे अडीच क्विंटल कापूस. कोरडवाहू जमिनीत पाऊण-अर्ध्या एकराचे अख्खे पीक. आपल्याकडे आलेले ३ लाख ४० हजार म्हणजे अशा सतरा घरांच्या ठेवी. लुटणाऱ्याकडून परत आलेला हा पैसा नव्हे. लुटल्या गेलेल्याच्या खिशातून गेलेला आहे, आणि तो लुटला गेलेला आपलाच भाऊबंद आहे.

कापूस एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. तिच्यात आपल्या चुकाऱ्यातून तीन टक्के भांडवल निधी कापला जात असे. त्या कपातीसाठी आपण किती मोर्चे काढले, आठवा. आपण काय म्हणत होतो? पैसा आज कोणाच्या खात्यात पडून आहे याने तो त्याचा होत नाही. ज्याच्या मालातून कापला त्याचा तो आहे. दुसऱ्याच्या खात्यातल्या आपल्या पैशाबद्दल जे बोललो, तेच आपल्या खात्यातल्या दुसऱ्याच्या पैशाबद्दल बोलायची वेळ आली आहे. काटा दोन्ही वेळा तोच हवा. नाहीतर मापात पाप व्यापारीच करतो असे म्हणण्याचा आपला हक्क जाईल.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. उद्या कोणी म्हणेल, मग बियाणे कंपनीची देणगी नको, व्यापाऱ्याची नको, साखरसम्राटाची नको. तो वेगळा प्रश्न आहे. ज्याचा धंदा आपल्याला आवडत नाही त्याचे पैसे घ्यावेत की नाही, हा आपल्या धोरणाचा आणि आवडीनिवडीचा भाग, त्यावर भांडू. पण ते पैसे निदान त्याचे असतात. येथे प्रश्न आवडीचा नाही. देणाऱ्याचे नसलेले पैसे त्याने दिले असावेत, अशी सबळ शंका आहे. या दोन गोष्टी एका पोत्यात भरू नयेत.

आता जी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही, ती सांगतो. चारकोपच्या बैठकीत एक निवृत्त गिरणी कामगार शेवटपर्यंत गप्प बसले होते. उठताना म्हणाले, “माझ्या बहिणीने गावाकडे याच कंपनीत वीस हजार ठेवलेत. मी तिला विचारलं, बाई, कुणाच्या भरवशावर ठेवलेस? तर म्हणाली, एजंटाने तुमच्या संघटनेच्या मेळाव्याचा फोटो दाखवला. शेतकऱ्यांचे पुढारी ज्यांच्या शेजारी बसतात ते बुडवतील कसे?”

तो फोटो खरा आहे. त्यात मीही आहे. काटे वाटपाच्या दिवशी कंपनीचा फलक आपल्या मंचावर लागला होता आणि कंपनीच्या अधिकाऱ्याला आपण नारळ आणि टोपी दिली होती. त्या बाई अडाणी होत्या असे कोणी म्हणू नये. याच कांदिवलीत ३० मे २०२१ रोजी एका मोठ्या सोसायटीत बनावट शिबिर भरवून ३९० शिकल्यासवरल्या रहिवाशांना कोरोनाच्या लसीच्या नावाखाली भलतेच टोचले गेले. भरवशाचा चेहरा पुढे केला की शिकलेलाही फसतो. खेड्यात तो भरवशाचा चेहरा आपला होता.

ठेवी गोळा करणारा माणूस देणगी का देतो, याचे उत्तर मी कृषी महाविद्यालयात शिकलो नव्हतो. या फोटोने शिकवले. त्याने आपल्याला ३ लाख ४० हजार दिले आणि आपल्याकडून आपले नाव नेले. त्याच्या दृष्टीने तो खर्च नव्हता, पेरणी होती. मोबदला दिला नाही असे वर म्हटले, ते कायद्याच्या भाषेत. खऱ्या अर्थाने आपण जबर मोबदला दिला, आणि तो आपल्या एकट्याच्या मालकीचा नव्हता. चाळीस वर्षे लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन ज्यांनी हे नाव कमावले त्यांचा तो होता. म्हणून नुसते पैसे बाजूला काढून भागणार नाही. ज्या गावांत तो फलक लागला, त्याच गावांत, तशाच भरल्या सभेत आपल्याला उभे राहून सांगावे लागेल की या कंपनीशी आपला संबंध नाही आणि तिच्यात पैसे घालू नका.

राहिला खर्च झालेल्या पैशांचा प्रश्न. चोरीच्या बैलाने तुमच्या शेतात वखराच्या दोन पाळ्या मारल्या असतील, तर ती वखरणी कोणी परत मागत नाही. मागूनही मिळत नाही. पण बैल दावणीला आहे तो द्यावाच लागतो. बँकेतली शिल्लक आणि उभे असलेले काटे हा आपला बैल. सभांवर गेलेले ६५ हजार ही वखरणी. काटे मोडीत विकून चौथा हिस्साही येणार नाही, आणि गावांचे नुकसान होईल. त्या काट्यांमुळे खेडा खरेदीत व्यापाऱ्याची दांडी मारणे थांबले आहे. सीसीआयच्या केंद्रावर गाडी नेण्याआधी ओलावा बारा टक्क्यांच्या आत आहे की नाही हे घरी कळते, म्हणून गाडी परत येण्याचा भुर्दंड वाचतो. तेव्हा काटे ठेवावेत, पण त्यांची किंमत आपण आपल्या घामाच्या पैशांतून भरावी. काट्यावर तोललेल्या प्रत्येक क्विंटलमागे दहा रुपये धरले, तर १ लाख १५ हजारांसाठी साडेअकरा हजार क्विंटल लागतात. पाच गावांत दोन हंगामांचे काम आहे. तेवढे झाले की ते काटे खऱ्या अर्थाने आपले होतील.

माझ्यापुरते सांगायचे तर त्या ६५ हजारांत माझा प्रवासखर्च ४,२०० रुपये होता. तो मी भरला आहे. हे कौतुकासाठी सांगत नाही. बैठकीत कोणी विचारील, म्हणून आधीच सांगितले.

जिल्हा बैठकांपुढे मी पुढील ठराव ठेवतो. यांवर मोकळेपणाने बोलावे, विरोध असेल तर तोही नोंदवावा.

१. शिल्लक असलेले १ लाख ६० हजार रुपये वेगळ्या खात्यात ठेवावेत. त्यांना कोणत्याही कामासाठी, आंदोलनासाठीसुद्धा, हात लावू नये.

२. देणगीची तारीख, रक्कम आणि खर्च यांचा तपशील तपास करणाऱ्या आर्थिक गुन्हे शाखेला आपणहून लेखी कळवावा. ठेवीदारांसाठी सक्षम प्राधिकारी नेमला गेला, की न्यायालय सांगेल त्याप्रमाणे रक्कम त्याच्याकडे भरावी. आरोप खोटे ठरले, तर तेव्हा बैठक घेऊन पुढचे ठरवावे.

३. काट्यांची आणि यंत्रांची किंमत दर क्विंटलमागे दहा रुपये घेऊन दोन हंगामांत उभी करावी आणि त्याच खात्यात भरावी. सभांवर खर्च झालेल्या रकमेबद्दल प्रत्येक जिल्ह्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे.

४. ज्या गावांत कंपनीचा फलक लागला होता, तिथे जाहीर सभा घेऊन खुलासा करावा. तिथल्या ठेवीदारांना तक्रार नोंदवायला आणि कागदपत्रे जुळवायला आपल्या कार्यकर्त्यांनी मदत करावी. हे काम पैसे परत करण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

५. यापुढे पंचवीस हजारांवरची कोणतीही देणगी घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : देणाऱ्याचा धंदा काय? लोकांकडून ठेवी घेत असेल तर परवानगी कोणाची? देणगीच्या बदल्यात तो आपला मंच किंवा फोटो मागतो आहे काय? तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर पहिल्या दोन उत्तरांची वाट पाहू नये.

आपण इतकी वर्षे सांगत आलो की आम्हांला भीक नको, घामाचे दाम हवेत. देणगी घेणे म्हणजे भीक नव्हे. पण दुसऱ्याच्या घामाचे दाम आपल्या खात्यात आहेत असे कळल्यावर गप्प बसणे हे भिकेपेक्षा वाईट. त्या गिरणी कामगारांच्या बहिणीची तक्रार अजून नोंदलेली नाही. पावती कुठे ठेवली ते तिला सापडत नाही. येत्या आठवड्यात आपले दोन कार्यकर्ते तिच्या गावी जाणार आहेत. त्या गावात आणखी किती जणांकडे अशा पावत्या आहेत, हे पुढच्या अंकात कळवू.

— संपादक